गवताला पूर्ण विश्रांती

१ जुलै १९७३, रविवार
रिटायर होऊन बेसा गावी राहायला आलो ते शांततेसाठी. शांतता कुठली! आमच्या गवताच्या पडिताला लागून गोपाळरावाचं पडीत. तिथं आज पुन्हा गर्दी. कुठून कुठून शेतकरी शिदोऱ्या बांधून आलेले, अन् गोपाळराव त्यांना शिकवून राहिला. काय, तर गायीनं गवत कसं खावं! पडिताचे तुकडे पाडा, ढोरं दोन-तीन दिवस एका तुकड्यात चारा, मग पुढल्या तुकड्यात न्या, मागच्याला विश्रांती द्या. संपलं. एवढ्यावर लोक माना डोलावतात. गाय काय याला विचारून चरायला शिकली? कॉलेजात माझ्याच वर्गात होता. गणितात मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क.

शामलाला सांगितलं. ती म्हणाली, उन्हाळ्यात साऱ्या बेस्यात हिरवं होतं ते त्याच्याच पडितात. बायको कोणाची आहे ही?

५ जुलै
निश्चय. आपणही शिबिर घ्यायचं, दसरा झाला की. गोपाळराव गवताला थोडी थोडी विश्रांती देतो. आपण पूर्ण देऊ. अख्खं पडीत बंद, एकही ढोर आत नाही. शिबिराला गवत छातीएवढं! इतकी सोपी गोष्ट त्या गड्याला सुचू नये? काट्यांचं कुंपण घालून घेतलं.

शामला म्हणाली, मग रतनीनं काय खायचं? रतनी तिची माहेरची गाय. सासऱ्यांनी शेवटच्या आजारात तिच्या हाती दिलेली, म्हणून जरा जास्तच लाडाची. म्हणालो, कडबा आहे की. संशोधनात त्याग लागतो.

२२ जुलै, सकाळी
शहरातल्या लकडगंजातून सागवानी पाटी आणली. ‘चराई मार्गदर्शन केंद्र. मार्गदर्शक : मनोहरराव, बी. ए.’ पेंटरनं बी. ए. फार बारीक काढलं. मोठं करायला परत पाठवली.

१९ ऑगस्ट
गवत कमरेला. रतनी कुंपणापाशी उभी राहून आत पाहते. आज शामलानं थोडं कवळं गवत कापून तिच्यापुढं टाकलं. मी ओरडलो, शिबिराचं गवत आहे ते! ती म्हणाली, अहो, गवत वाढून राहिलं अन् गाय वाळून राहिली. बोलायला मोठी हुशार.

दूध कमी झालं आहे. पावसाळ्यात होतंच.

६ सप्टेंबर
पोळा आटोपला. गोपाळराव दोन पडितांमधल्या धुऱ्यावर आला. न बोलावता. म्हणे, मनोहरराव, हे कुसळी गवत आहे गा. कवळं आहे तोवर ढोरं सोडा. एकदा का कुसळं धरली, तर ढोराच्या तोंडात सुयांवानी घुसतात. मी हसलो. माझं गवत पाहून याच्या पोटात दुखून राहिलं, दुसरं काय! सांगून टाकलं, मले शिकवू नको. नंतर वाटलं, ‘मला’ म्हणायला पाहिजे होतं.

१४ ऑक्टोबर, रविवार
शिबिर. दुरुस्त होऊन आलेली पाटी कुंपणाशी उंच लावली. आले सात-आठ. त्यातले दोघं गोपाळरावाच्या घराचा रस्ता विचारायला.

गवत मात्र छातीएवढं. भाषण करत करत सगळ्यांना आत नेलं. थोडं आत जात नाही तोच धोतरं, पायजमे कुसळांनी भरून गेले. मग सगळे धुऱ्यावर बसून कुसळं वेचत राहिले. भाषण कोणी ऐकलं नाही. म्हातारे महादेवराव म्हणाले, मनोहरराव, हे खाईल कोण? असल्या प्रश्नाला उत्तर एकच, प्रात्यक्षिक. शामला नको नको म्हणत होती, तरी रतनीला आत सोडलं. बिचारी पळतच गेली. एवढ्या दिवसांची भूक.

टाळ्यांची वाट पाहिली.

१६ ऑक्टोबर
रतनी तोंड लावत नाही कशाला. लाळ गळते. ढोरांच्या डॉक्टरनं जबडा उघडला. जिभेखाली कुसळांचे झुपके रुतलेले, हिरड्या सुजलेल्या. चिमट्यानं काढत बसला. रतनी हंबरली नाही, नुसती थरथरत होती. शामला तिच्या गळ्याला धरून उभी. माझ्याकडे पाहिलं नाही.

गाय मुळातच नाजूक. माहेरीच लाडावलेली.

१७ ऑक्टोबर
शामलानं रतनीला गोपाळरावाच्या गोठ्यात नेऊन बांधलं. मला विचारलंसुद्धा नाही. निश्चय : तिच्याशी बोलायचं नाही.

२८ ऑक्टोबर
तिनंही तोच निश्चय केलेला दिसतो. दिवाळी मुकाट्यानं गेली. रोज सकाळ-संध्याकाळ ती गोठ्यात जाते, गायीला भाताची पेज पाजते. मला चहा मिळतो. साखर नसते.

४ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
आज आमच्या पडितात मोठं शिबिर झालं. खरंच झालं. गोपाळराव ट्रॉली भरून माणसं घेऊन आला. धुऱ्यावरून म्हणाला, विश्रांती किती द्यावी ते माझ्याकडे पाहिलं, आता किती देऊ नये ते इथं पहा. लोक वाकवाकून पाहत होते. माझ्या वेळेला कोणी असं पाहिलं नव्हतं.

मग शामलाला पुढं बोलावलं. तिनं रतनीला सोबत आणलं होतं. गायीचा ओठ वर करून जखमा दाखवल्या, अन् कुंपण घातल्यापासूनचं सगळं सांगितलं. चांगलं बोलते. इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. माझं नाव घेतलं नाही, नुसतं ‘आमच्या घरी’ म्हणाली. नाव घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेवटी गोपाळराव म्हणाला, पडीत दाखवू दिलं म्हणून मनोहररावांचे आभार. टाळ्या पडल्या. मी पाटीखाली उभा राहून नमस्कार केला.

मग गुळाचा खडा घेऊन रतनीजवळ गेलो. ती मागं सरली. फार वाईट वाटलं. म्हटलं, शामला, चल घरी, दोघी चला. तिनं माझ्या धोतराकडे पाहिलं. म्हणाली, आधी ती कुसळं वेचा, मग तिच्याजवळ या.

त्या दोघी गोठ्याकडे गेल्या. दिवे लागले. मी अजून वेचून राहिलो.