पुण्याच्या चार तास पुढे

ब्रॅकनेल
रविवार, ८ फेब्रुवारी २००९

प्रिय यतीन,

सप्रेम नमस्कार. नंदाला नमस्कार आणि मायराला गोड पापा.

पत्र बघून दचकू नकोस. हॉस्टेल सोडल्यापासून मी तुला कागदावर काही लिहिलेलं नाही, आणि तेव्हाही लिहिलं ते 'डबा माझा आहे, हात लावू नये' एवढंच. पण मेल लिहायला बसलो की तीन ओळी होतात आणि मी त्या पुसतो. कागदावर निदान खोडलेलं तुला दिसेल. फोन तर तू उचलत नाहीस.

इथे इंग्लंडमध्ये सोमवारी बर्फ पडला आणि सगळा देश घरी बसला. चार इंच बर्फात ट्रेन बंद, शाळा बंद, आमचं ऑफिसही बंद. तुमच्या ॲडलेडला पंचेचाळीस डिग्री झाल्याचं पेपरात वाचलं. तीन महिन्यांच्या पोरीला एवढं ऊन कसं सोसणार, असं स्वाती रोज म्हणते. बाकी आम्ही ठीक. मार्चमध्ये माझी इथली पाच वर्षं पूर्ण होतात, म्हणजे कायमचं राहण्याचा अर्ज करता येईल. फॉर्म आणून ठेवलाय. नोकरी चालू असल्याचं ऑफिसचं पत्र तेवढं मिळायचंय.

तुझ्या रेडिओ स्टेशनवरच्या चौकशीचं कुठवर आलं?

बघ, कसा विचारतोय. जणू कुणा तिसऱ्याचीच चौकशी आहे. ही ओळ खोडणार होतो, पण राहू दे. आता क्रमाने लिहितो, कारण माझ्याच डोक्यात सगळा गुंता झालाय.

सत्तावीस ऑक्टोबर, सोमवार. मायरा दोन दिवसांची होती आणि तू हॉस्पिटलमधून फोन केलास. कुणाला तुझं काम सांगितलं की हमखास हसं होतं. तुझ्या सासूबाईंनी तर 'जावई रेडिओवर ट्रॅफिक बघतात' म्हणून अर्ध्या पुण्याला तू रस्त्यावरची गर्दी सांगतोस असं पटवलंय. पण तुझं ट्रॅफिक जाहिरातींचं: कुठली जाहिरात कधी वाजवायची आणि कधी अडवायची, हे टेबल तूच करायचास. आमचं ऑफिस ब्रॅकनेलहून ते फक्त सर्व्हरवर चढवायचं. त्या दिवशी तू म्हणालास, सीझनचं नवं टेबल उद्या लागायला हवं, बेटिंगच्या जाहिराती दुपारी साडेतीन ते साडेसात बंद, पोरं शाळेतून येऊन क्रिकेट ऐकतात म्हणून स्टेशनने तसं लिहून दिलंय. "तूच करून टाक, मी डोळे मिटून सही करतो."

सर्व्हर चालतो ब्रिटिश वेळेवर. तेव्हा तुमच्या वेळा इथल्या वेळेत बसवायच्या होत्या. आणि मी काय केलं? मनगटावरचं बाबांचं एचएमटी काढून उलटं धरलं. हिवाळ्यात इथलं घड्याळ उलटं धरलं की पुण्याची वेळ दिसते. इथल्या प्रत्येक मराठी माणसाने ही युक्ती कुणाला ना कुणाला तरी शिकवलेली असते. आणि ॲडलेड पुण्याच्या चार तास पुढे, हे तू जूनमध्ये तिकडे गेलास तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलेलं. आधी आईला फोन, मग तुला, याच हिशेबाने मी चालत आलो. ऑक्टोबरात उन्हाळ्यासाठी तुमची घड्याळं तासभर पुढे जातात आणि चाराचे पाच होतात, हे साफ विसरलो. समोरच्या कॉम्प्युटरला जगभरच्या वेळा ठाऊक, आणि हा शहाणा घड्याळ उलटं-सुलटं करत बसला.

म्हणून जाहिराती साडेतीनऐवजी साडेचारपासून बंद झाल्या. मधला तास सताड उघडा राहिला. नोव्हेंबरात शाळेच्या मुलींची फायनल होती. चारला दहा कमी असताना बारा वर्षांची कॅप्टन माइकवर सांगत होती की आई पहाटे उठून सँडविच करून देते, आणि तिचं वाक्य संपतं न संपतं तोच कुठल्या घोड्यावर किती लावा हे सांगणारा दणदणीत आवाज आला. मी ते रेकॉर्डिंग नंतर कितीदा ऐकलं, विचारू नकोस.

आमच्या मॅनेजरबाईंनी विचारलं, टेबल कुणी केलं होतं? मी म्हणालो, टेबल स्टेशनकडून येतं, आम्ही फक्त चढवतो. यतीन, यातला एकही शब्द खोटा नाही. टेबल स्टेशनकडूनच येतं. तो एक दिवस सोडून.

मग मी वाट बघत बसलो. तू तिकडून खरं सांगशील, मला परत विचारतील, मग मी कबूल करीन, असं ठरवलं होतं. ठरवलं होतं की नव्हतं, ते आता मलाच सांगता येत नाही. तू बोललाच नाहीस. डिसेंबरात तुला घरी बसवलं, तेवीस फेब्रुवारीला निकाल, आणि नोकरी गेली तर अठ्ठावीस दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा, हे सगळं मला इकडून तिकडून कळत गेलं. आणि खरं सांगतो, मला तुझा राग आला. वाटलं, हा गप्प का? मला खजील करायचंय का? की फोनवरचं बोलणंच हा विसरलाय? तीन महिने तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावत राहिलो. माझ्या स्वतःच्या गप्प बसण्याबद्दल कधी विचार केला नाही.

गुरुवारी नंदाचा फोन आला. रागावली नाही. स्वातीची चौकशी केली, मायरा कुशीवर वळते म्हणाली. मग म्हणाली, "मी फोन केल्याचं त्याला सांगू नकोस. तो म्हणतो, उदयचं मार्चमध्ये आहे, तोवर कुणी काही बोलायचं नाही." आणि शेवटी म्हणाली, "पण आमचं तेवीसला आहे रे."

फोन ठेवल्यावर स्वातीने विचारलं, टेबल कुणी केलं? मी सुरुवात केली, की टेबल स्टेशनकडून... तिने मला पुरं करू दिलं नाही. "कुणी केलं?" एवढंच परत विचारलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी 'मी' म्हणालो.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात सगळं सांगितलं. बाईंनी ते लिहून घेऊन दुपारीच तुमच्या स्टेशनला पाठवलं. माझ्या अर्जासाठीच्या पत्राचं काय, विचारलं तर म्हणाल्या, वर विचारावं लागेल. म्हणजे काय, मला कळलेलं नाही. आणि हे तुझ्यासाठी केलं, की नंदाचं ते वाक्य सहन होईना म्हणून, तेही कळत नाही. तुझ्यावर अजून चिडतो मी. मला न विचारता माझ्यासाठी असं काही करायचा तुला काय अधिकार? मग वाटतं, विचारलं असतंस तर मी काय उत्तर दिलं असतं? त्या विचाराची मला भीती वाटते.

सोबत त्या टेबलचा कागद आहे. खाली दोन चौकोन आहेत. 'तपासलं' याच्यापुढे तुझी सही. वरचा 'तयार केलं' चौकोन त्या दिवशी घाईत रिकामा राहिला, आणि रिकामा होता म्हणूनच सगळ्यांनी तो तुझा धरला. तो मी आज भरलाय. तारीखही आजचीच घातली आहे, उगाच जुनी घातलेली नाही. तेवीसला तो त्यांच्यासमोर ठेव. माझी काळजी करू नकोस. करशीलच, तुझी खोडच आहे ती.

तुमची वेळ आत्ता कॉम्प्युटरवर बघितली. इथल्यापेक्षा साडेदहा तास पुढे. पत्र पोचेल त्या सुमाराला फोन करीन. शिव्या घाल, पण उचल.

टेबल तयार करणारा,
उदय