आमचं लग्न कुठल्याच तालुक्यात न्हाय

कुरुंदवाड,
रविवार दुपार (जेवणाची वेळ, जेवणाचा पत्ता न्हाय)

श्री. हंबीरराव पावणं यांस आकारामचा दोन्ही हात जोडून रामराम. तुमचे गुडघे, वैनींचं बीपी आन् नवी घेतलेली म्हस, सगळं आपापल्या जागी ठाकठीक असावं अशी वाडीच्या दत्ताजवळ रोज मागणी करतो. आमच्याकडचं विचाराल तर मी जिवंत हाय. ह्याच्या पुढं सांगण्यासारखं चांगलं काय न्हाय. दरसाली उन्हाळ्यात तुमी गडहिंग्लजच्या बाजारातनं चटणीसाठी मिरची आणता, ती यंदा पाव किलो आणली तरी भागंल. एकट्या माणसाला किती लागती चटणी?

आता म्हणाल, फोन करायचा सोडून पत्र कशाला? तर मला फोनवर बारीक बोलता येत न्हाय हे तुमास्नी ठावं हाय, आन् आमच्या आन् रंगाच्या घरामधली भिंत चार इंचाची हाय. (रंगा म्हंजे माझा धाकटा भाऊ रंगराव. तुमी वळखता, पण त्याचं नाव घ्यायची सवय मोडल्यामुळं लिहिताना हात अडखळला.) वाटणीला तुमीच पंच म्हणून बसलावता. न्याय चोख केलासा, मी कुठं न्हाय म्हणतोय? फकस्त त्या कडबा कुट्टीच्या मशीनची मोटर मला आन् पात्याचं चाक रंगाला, हे जे तुमी चहा पिता पिता ठरवलंसा, त्यापायी आमी दोघंबी नऊ वर्षं विळ्यानं वैरण तोडतोय. माझ्याकडं मोटर हाय, ती फिरती पण काय कापत न्हाय. त्याच्याकडं पातं हाय, ते कापंल पण फिरत न्हाय. मशीन परत जोडायचं तर आधी बोलावं लागतंय, आन् बोलणं तर त्याच दिवशी बंद झालं. असू दे. जुनं उकरून काढायला हे पत्र न्हाय.

तुमची बहीण, म्हंजे आमची मालकीण, पुण्याला पोराकडं, अमरसिंहाकडं गेली ती सुनेच्या बाळंतपणाला. सव्वा महिन्यात येतो म्हणाली. तो नातू आता पाठीला दप्तर लावून शाळेला जातोय. मी विचारलं की तिकडनं उत्तर येतंय, पोराचे दात यायलेत, पोराला सर्दी झालीया, पोराच्या शाळेत गॅदरिंग हाय. माझे दात चाललेत त्याचं कुणाला काय न्हाय. मी तिकडं जाईन म्हटलं तर दोन म्हशी कुणाच्या गळ्यात बांधू? चौथ्या मजल्याच्या गॅलरीत तर त्यास्नी नेता येत न्हाय. तर असा मी हितं आन् ती तिथं.

माझ्या जेवणाचं कसं चालतंय हे तुमी कधी विचारलं न्हायसा (ते एक बरं केलंसा), पण आता सांगितल्याबिगर पुढचं कळायचं न्हाय. घरामागच्या परड्यात आमच्या मधली भिंत छातीएवढीच हाय. त्या भिंतीवर दोन टायमाला एक डबा येतो, वर पालथी ताटली. मी डबा घेतो, जेवतो, घासून परत भिंतीवर ठेवतो. डबा कोण ठेवतं हे मी कधी बघितलं न्हाय आन् कोण नेतं हे रंगानं कधी विचारलं न्हाय. (भावजय तानाबाईच्या हातची आमटी मी डोळं झाकून वळखतो, ते येगळं.) ह्या गोष्टीची वाच्यता कुणीबी केलेली न्हाय, म्हणूनच ती इतकी वर्षं नीट चाललीवती. अबोला अबोल्याच्या जागी आन् भाकरी भाकरीच्या जागी.

आन् मग आली ती जनगणनेची बाई.

प्रेरणा मॅडम म्हणून हायत, शाळेत शिकवत्यात, तुमच्याच गडहिंग्लजकडच्या. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, डोक्यावर उन्हाचा रुमाल. सगळ्या शिरोळ तालुक्यातली घरं आन् घरातली कुटुंबं मोजायचं काम चाललंय. मी चांगला सोप्यात बसवून माठातलं पाणी दिलं. भिंत कशाची, छप्पर कशाचं, नळ हाय का, संडास हाय का, सगळ्याची मी छाती काढून उत्तरं दिली. धान्य कुठलं खाता म्हटल्यावर जोंधळा म्हटलं. मग म्हणाल्या, काका, घरात कायम राहणारी माणसं किती? मी म्हटलं, दोन. दुसरं माणूस दिसंना म्हणून त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. तर म्हणाल्या, म्हंजे काकू पुण्यात मोजल्या जातील, कायम जिथं राहतंय तिथं. आन् लगीच पुढचा प्रश्न: लग्न झालेली जोडपी किती? मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच बोटानं शून्य केलं.

पावणं, शून्य! तुमीच माझ्या कानाला धरून बोहल्यावर उभं केलंवतं की न्हाय? वाजंत्री कुरुंदवाडची, जेवणावळ तुमची, आन् हिशेबात शून्य! मी म्हटलं, अवो बाई, मग हे जोडपं पुण्याला तरी धरा. तर तिथंबी जमत न्हाय, तिथं मुलगा-सून हे एक जोडपं, आन् तुमची बहीण सुट्टी. म्हंजे ती पुण्याच्या हवेली तालुक्यात एकटी, मी शिरोळ तालुक्यात एकटा, आन् आमचं लग्न कुठल्याच तालुक्यात न्हाय.

तरी मी सावरलो. म्हटलं, एकट्याचं का हुईना, कुटुंब तर हाय. तर म्हणाल्या, स्वैपाक कशावर करता? मी मिशीवर हात फिरवून म्हटलं, गॅसवर. आन् ही बाई शिस्तीची, बघायला आत गेली. शेगडीवर मांजर व्यालेलं. चार पिल्लं. (मी तरी काय करू, जागा मोकळी दिसली की मांजर यायचंच.) बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी पिल्लांकडं बघितलं, आन् त्याच वक्ताला परड्यातल्या भिंतीवर डबा वाजला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तानाबाईनं मोठ्यानं हाक मारली, भावजी, आज वांगं हाय, गार करू नगासा. संपलं. बाई म्हणाल्या, एका चुलीवर जेवणारी माणसं म्हंजे एक कुटुंब. काका, तुमचं घर मोजलं, पण कुटुंब तुमचं शेजारी हाय. आन् गेल्या की चपला घालून रंगाच्या दारात.

मी भिंतीला कान लावला. पण नेमका वर्षाराणीनं (रंगाची पोरगी, यंदा बारावीला) मिक्सर लावला आन् मला एक अक्षर ऐकू आलं न्हाय. ऐकायचं तरी काय होतं? कुटुंबप्रमुख रंगराव. आन् खाली, प्रमुखाचा भाऊ, आकाराम. ज्याला मी खांद्यावर बसवून वाडीची जत्रा दावली, त्याच्या खाली मी! पंच बसवले, मशीन फोडलं, भिंत घातली, आन् मास्तरीणबाईनं एका वांग्याच्या आमटीवर सगळी वाटणी मोडून काढली. रात्रभर डोळ्याला डोळा न्हाय.

सकाळी ठरवलं, आपली चूल आपण पेटवायची आन् बाईला परत बोलवून दावायची. भिंतीवरचा डबा तसाच ठेवला. दुपारी तो तसाच परत गेला. पिल्लं टोपलीत हलवताना मांजरीनं दोन्ही हात ओरबाडले. सिलिंडर रिकामा निघाला, म्हणून परड्यात तीन दगडं मांडली. भाकरी थापली ती तव्याला चिकटली, सुटली तवा तिचे तीन तुकडे झाले. म्हशीपुढं टाकली, म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं. मग ओला पालापाचोळा चुलीत घातला तर असला धूर झाला की गल्ली गोळा झाली, आन् आग लागली म्हणून वर्षाराणीनं भिंतीवरनं घागरभर पाणी वतलं. चुलीवर थोडं, माझ्यावर सगळं. मी भिजलेला उभा, पलीकडं रंगा उभा. मला वाटलं आता तरी हसंल. हसला न्हाय. नुसता बघत राह्यला आन् आत गेला. पावणं, हसला असता तर बरं वाटलं असतं.

तीन दिवस चिरमुरं आन् दुधावर काढलेत. दूध तेवढं घरचं हाय. खरं सांगू? भुकेचं काय न्हाय, भूक सोसती. पण दोन टायमाला त्या भिंतीवर ताटली वाजायची, तेवढा एक आवाज होता माझ्या दिवसात. तो बंद झाल्यापासनं घर खायला उठतंय. म्हणून हे पत्र. तुमची बहीण माझं ऐकत न्हाय, पण तुमच्यापुढं वर मान करत न्हाय. पुण्याला जावा, चार शब्द दरडावून बोला आन् तिला घेऊन या. फेब्रुवारीत डोकी मोजायला परत येणार हायत. तवर माझी चूल पेटली पायजे, न्हायतर मी जलमभर धाकट्याच्या खात्यात. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
भिंतीअलीकडचा
आकाराम

ता. क. वर बहिणीविषयी जे लिहिलंय ते तिला वाचून दावू नका. विशेषतः दातांचं.

ता. क. दुसरी. पाकीट चिकटवायच्या आधीच प्रेरणा मॅडम आल्या. मीच निरोप धाडलावता. परड्यात उभं करून दगडांची चूल दावली, म्हटलं, बघा, माझं कुटुंब येगळं. थोरला असून धाकट्याच्या खाली मी ऱ्हाणार न्हाय. बाई म्हणाल्या, खाली कुठं काका? प्रमुख म्हणून तुमचंच नाव हाय. त्या दिवशी मी रंगरावांचं लिहाय लागलेवते, तर तेच म्हणाले, थांबा बाई, आमच्यात मोठा तो हाय, त्याचं नाव वर घाला.

पावणं, बाई विचारत होत्या, मग येगळं कुटुंब करू का? मी हातानंच नको म्हटलं. मग मोटर खांद्यावर घेतली आन् पुढच्या दारानं रंगाकडं गेलो. तो पात्याच्या चाकाला तेल देत बसलावता. (नऊ वर्षं देतोय म्हणं, गंज चढू नये म्हणून.) वर न बघता म्हणाला, ती ठेव तिकडं, आन् आधी जेव. वांगंच होतं.

ता. क. तिसरी आन् शेवटची. मिरची पाव किलो नको, सहा किलो आणा. आन् बहिणीला संगट घेऊनच या. दरडावू नका, नुसतं सांगा, घरात चटणी करायची हाय, तानाबाईला एकटीला व्हणार न्हाय. बाई जाताना विचारत होत्या, मग काका, ह्या कुटुंबात माणसं किती धरू? रंगा चार म्हणाला. मी घरचा प्रमुख, मी पाच सांगून बसलोय.