घर शेठचं, नाव वाहरूचं

१२ जानेवारी

खापर गावी आमच्या क्वार्टरची किल्ली हरवली, तो रविवार. चर्चहून आलो, आणि ना स्टीफनच्या खिशात, ना माझ्या पर्समध्ये! दोघं दाराच्या पायरीवर बसून राहिलो. केळीवाला चालला होता, त्याला थांबवून केळी घेतली. शिपाई दुसरी किल्ली आणेपर्यंत ती संपलीही. मी म्हटलं, फोडा की कुलूप. स्टीफन म्हणाला, 'आपलं घर असतं तर आत्ता दगड घातला असता. सरकारचं आहे. बसू या.' आणि पाय पसरून मजेत बसला. जोएल तेव्हा माझ्या पोटात होता.

आज हे आठवलं, कारण या भाड्याच्या खोलीचा मालक सकाळी दारात येऊन म्हणाला, 'सिस्टर, भिंतीला खिळा मारायच्या आधी विचारत चला.' एक खिळा! तोही येशूच्या तसबिरीसाठी! सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली, सगळी नोकरी दुसऱ्याच्या भिंतींना विचारून खिळे मारले. स्टीफन गेला, तोही क्वार्टरमधूनच. आता बास. इथेच नवापुरात घर घ्यायचं. माझं.

बावीस लाख. वर एक रुपया नाही. कर्ज नाही. उरेल ते म्हातारपणाच्या औषधांना.

सुरतेहून जोएलचा फोन. 'मम्मी, घर घेताना इमोशनल व्हायचं नाही हं.' हा मला शिकवतो! मोटरसायकलसाठी जेवण सोडून बसला होता तो हाच.

१५ जानेवारी

नथ्थू नावाचा दलाल धरला आहे. आधी म्हशींचे सौदे करायचा, आता घरांचे करतो. जीभ तीच, हात तोच. म्हशीच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी भिंतीवर थाप मारतो. 'दखा सिस्टर, कशी ठणठणीत शे!'

आज तीन घरं पाहिली. पहिलं बाहेरून जांभळं, आतून पोपटी. छताला प्लास्टरचं कमळ, कमळात निळे दिवे. बाईंनी ते माझ्यासाठी पुन्हा पुन्हा लावून दाखवले. मी छान म्हणेना, तर पुन्हा लावले. दुसऱ्याचा जिना असा उभा, की वर गेलेलं माणूस शहाणं असेल तर खाली यायचंच नाही. तिसऱ्याच्या स्वयंपाकघराला खिडकीच नाही. नथ्थू म्हणतो, 'एसी लावी ल्या ना!' भाकरी भाजायला एसी! लोकांकडे पैसे आले, डोळे मात्र यायचे राहिले.

बोर्डिंगमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस आम्हा मुलींना बाजारात कापड घ्यायला न्यायच्या. नियम एकच. जे आवडलं त्याला हात लावायचा नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. शेजारच्या ठाणाचा भाव विचारायचा. मी जन्मभर भाजीसुद्धा तशीच घेतली. घरही तसंच घेईन.

१९ जानेवारी

आजच्या घराचा संडास स्वयंपाकघरात उघडतो. मालक म्हणाले, 'सोयीचं पडतं.'

२३ जानेवारी

हात लावला!

गावाच्या टोकाला, रंगावली नदीच्या अंगाला हेमकांतशेठचं घर. शेठ मूळचे तापीकाठचे, तिकडे केळी, ऊस. इथे खतांचं दुकान. मुलं बडोद्याला, घर रिकामं. नथ्थू थाप मारायला विसरला, इतकं ते घर निवांत. चुन्याच्या पांढऱ्या भिंती. शहाबादी फरशी, पायाला गार. मागे रुंद ओटा, ओट्याला लागून एक छोटी खोली, आणि शेवगा, शेंगांनी लवलेला. घरात मागच्या खिडकीशी उभी राहिले तर डोंगर दिसतात, आमच्या आजोळचे. चुलीपुढे उभं राहून आई जे बघायची, तेच.

मी भिंतीवर तळहात ठेवला. नुसता ठेवला. नथ्थूने पाहिलं.

येताना वाटेत म्हणाला होता, वीस. हात ठेवल्यावर तेवीस झाले. एका हाताचे तीन लाख! सिस्टर अ‍ॅग्नेसनी मला तिथेच कान धरून उभं केलं असतं.

२४ जानेवारी

मागच्या खिडकीला पडदे नकोत असं ठरवलं. नंतर लक्षात आलं, घर माझं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून शेठच्या घरी गेले. दुसरं, राहतं घर. 'आवो सिस्टर, बेसो.' चहा, गाठिया, कच्च्या पपईचा परतलेला संभारो. नथ्थू गाठियांवर तुटून पडला. मी शेजारच्या ठाणाचा भाव विचारावा तशी दुसऱ्याच एका प्लॉटची स्तुती सुरू केली. शेठ हसले. एकवीस-पन्नासवर आले. मर्यादेत! पण चेहरा बंद.

मग शेठनी सहज विचारावं तसं विचारलं, 'सिस्टर, तुमचं जातीचं सर्टिफिकेट आहे ना?'

म्हटलं, घराला जात कशाला लागते?

तर सगळं सांगून टाकलं. लपवलं काहीच नाही. लपवण्याजोगं त्यात त्यांना काही वाटतच नव्हतं. जागा आदिवासीची. बिगर आदिवासीला ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि परवानगी मिळत नाही. म्हणून शेठनी पैसे घातले आणि नाव लावलं आपल्या सालदाराचं. वाहरूचं. सोबत कोऱ्या स्टॅम्पपेपरांवर त्याचे अंगठे घेऊन ठेवले, पुढेमागे फिरला तर. 'पण वाहरू माणूस सोन्याचा! मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही.' आता वाहरू गेला, जागा त्याच्या पोरीच्या, सिंधुबाईच्या नावावर चढली. मेलेल्याचे अंगठे काय कामाचे? 'ती तुम्हाला लिहून देईल, तुम्ही पैसे आम्हाला द्याल. तुम्ही पण गावीत, ती पण गावीत, दोघी आदिवासी. कायद्याने एकदम चोख.'

नथ्थू तोंडात गाठिया असतानाच म्हणाला, 'पोरले काही तरी दी टाकू. वीस हजार गंज व्हयी गयात.' म्हणजे पोरीला वीस हजार पुष्कळ झाले!

शेठच्या भिंतीवर पूर्वजांच्या फोटोंची रांग आहे, चंदनाचे हार घातलेले. वाहरूचा एक फोटो लावायला काय हरकत होती? घर त्याच्याच नावावर होतं!

आणि तो वाहरू! जन्मभर स्वतःच्या नावाचा ओटा झाडत राहिला, गुपचूप. त्याचाही रागच येतो.

मी 'विचार करून सांगते' म्हणाले. तिथेच उठून जायला हवं होतं. गेले नाही. गाठिया खाल्ले.

२७ जानेवारी

जोएल म्हणतो, 'पेपर क्लिअर आहेत, बजेटमध्ये बसतंय, तुला आवडलंय. मग अडलं कुठे?'

म्हटलं, तूच सांगत होतास ना, भावना बाजूला ठेव म्हणून?

'हो, पण मी म्हटलं ते पैशांपुरतं.'

हुशार! त्याला कॉलेजात घातलं ते मीच.

३० जानेवारी

नंदुरबारला जाऊन आले. सिंधुबाई मिरचीच्या पथारीवर कामाला असते. मैदानभर लाल मिरची वाळत पडलेली, नाकाला फडकी बांधून बायका देठ खुडत बसलेल्या. मी शिंकत शिंकत तिला शोधलं. आमच्या बोलीतच बोललो. ती बोली मला लिहिता येत नाही, कॉन्व्हेंटने तेवढी एकच गोष्ट शिकवली नाही.

मी पुण्यकर्म करायला निघाल्यासारखी गेले होते. बिचारीला कानावर घालावं, की अगं, ते घर तुझं आहे.

ती खो-खो हसली. शेजारणीला म्हणाली, 'ऐकलंस? सिस्टर सांगायला आल्या, घर माझं आहे!' शेजारणही हसली. मग मला म्हणाली, 'शेठ तीनदा येऊन गेला, सिस्टर. साडी आणली होती. मी म्हटलं, हा रंग नको. आता दुसरी आणायला गेलाय. बघू कधी येतो.'

म्हटलं, विकणार आहेस का?

'तुम्ही किती देणार?'

मी आकडा सांगितला. खोटं बोलले नाही.

तिने हातातली मिरची खाली ठेवली. 'हे मला, की त्याला?'

मला शिंका आल्या. बरं झालं आल्या.

२ फेब्रुवारी

मी सरळ बोलायचं ठरवलं. शेठच्या दुकानात गेले आणि म्हणाले, पैसे मी सिंधुबाईला देणार. घर तिचं, सौदा तिच्याशी.

शेठ लालबुंद. 'विटा माझ्या! सिमेंट माझं! गवंडी मी आणला!'

'आणि जमीन?'

'सिस्टर, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला तरी कळायला पाहिजे.'

मला कळलं, म्हणूनच तर म्हटलं. बाहेर आले. युरियाच्या गोणीवर टेकले. नथ्थूने पाणी आणून दिलं, आणि त्याची दलाली मी बुडवली म्हणून त्याच दमात चार शब्द सुनावले.

घर गेलं.

त्या खिडकीतून डोंगर किती जवळ दिसतात! एवढं लिहायची मुभा असू दे.

९ फेब्रुवारी

शेठ आणि नथ्थू आज माझ्या खोलीवर आले. पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, माफी मागायला.

शेठ म्हणाले, 'सिस्टर, भांडून काय मिळणार? मी विकायचंच नाही म्हणतो. पोरं उद्या बडोद्याहून परत येतील. सिंधुबाईला तिच्या मनाजोगते पैसे मी देतो. तुम्ही फक्त नाव द्या. एक रुपया लागणार नाही. मागची खोली तुमची, जन्मभर. भाडं नाही. दोन-चार सह्या, बस.'

नथ्थू म्हणाला, 'फुकटमा, सिस्टर! आते आखो काय पाहिजे तुमले?'

शेठ पुढे म्हणाले, 'आणि तुम्ही म्हणजे इज्जतवाल्या. वाहरूसारखा अंगठा नाही. सही, तीसुद्धा इंग्रजी!'

मी विचारलं, 'तुमच्या मुलांचं नाव का नाही लावत?'

'ते चालत नाही ना, सिस्टर.'

'म्हणजे माझं नाव तुमच्या मुलांपेक्षा मोठं निघालं. मग मागची खोली का? पुढची द्या. तुम्ही मागे राहा.'

नथ्थूला हसू फुटलं. शेठनी बघितल्यावर आत गेलं.

इतकी वर्षं पांढरा गणवेश घातला, यांच्या बायकांची बाळंतपणं केली, रात्री-अपरात्री 'सिस्टर, सिस्टर' म्हणत हेच दारात उभे असायचे. त्या सगळ्यातून शेठना दिसलं काय? वाहरू. मला आजवर वाहरूचा राग येत होता. आज वाटलं, त्यालाही असंच पेढे देऊन, खुर्चीत बसवून विचारलं असेल. आणि त्याच्याजवळ नाही म्हणायला काय होतं? मला पेन्शन तरी आहे.

पेढे परत दिले.

जोएलला फोनवर सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, 'फुकट म्हणाले?' मी अंगावर गेले. मग तो हळूच म्हणाला, 'मम्मी, तुला त्या भाड्याच्या खोलीत ठेवून मला इथे झोप लागते असं वाटतं का तुला? मालक तुला खिळा मारू देत नाही. माझ्या फ्लॅटचे हप्ते जाऊन हातात राहतं काय? मी कधी घेऊन देणार तुला घर?'

मी म्हटलं, तुला कोणी मागितलंय? आणि ठेवून दिला. असं बोलायला नको होतं.

१४ फेब्रुवारी

नथ्थू दुसरं घर दाखवायला आला. अठरा लाख. पत्र्याचं छप्पर, नळ समाईक, खिडकी गटाराकडे. मी सगळीकडे नीट पाहिलं, कशालाच हात लावावासा वाटला नाही. म्हणजे हेच घ्यायला योग्य! सोमवारी बयाणा देते म्हणाले.

जोएलचे दोन दिवस फोन नाहीत. रुसला असेल. बापासारखा रुसतो, स्वतःच विसरून जातो.

१७ फेब्रुवारी

बयाणा द्यायचा नाही.

नथ्थू सकाळी पुन्हा पेढे घेऊन आला, या वेळी हसत. हेमकांतशेठचं घर शुक्रवारी जोएलच्या नावावर झालं. मी नाही दिलं, ते नाव शेठना त्याने दिलं. सिंधुबाईने शेठकडून नऊ लाख मोजून घेतले. तिचा हक्क, तिने तिचा भाव केला. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कोऱ्या स्टॅम्पपेपरांवर जोएलने सह्या दिल्या. शेठच्या कपाटात आहेत.

जोएलचा फोन आला. आवाज इतका खूष! 'मम्मी, मागची खोली तुझी. खिडकी डोंगराकडे आहे ना? हवे तेवढे खिळे मार.'

मी फोन ठेवला आणि ही वही घेतली.

लिहून ठेवते, माझं काय कुठे जाईल. कॉट आणि गाद्या चर्चच्या होस्टेलला. शिवणयंत्र सिंधुबाईला, तिला हवं असेल तर. पैसे घ्यायचे नाहीत. स्टीफनचं घड्याळ आणि त्याचं बायबल जोएलला. त्या मागच्या खोलीत माझं काहीही जाणार नाही, मी मेल्यावरसुद्धा. आणि जोएलचा वाहरू होऊ नये म्हणून एकवीस लाख पन्नास हजार हेमकांतशेठला — जोएलच्या सह्यांचे सगळे कोरे कागद माझ्या हातात पडतील, त्या क्षणी.