रॅकेट परत हवी

४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

फोनवर आपण दोघी भांडतो आणि कागदावर शहाण्यासारखं बोलतो, म्हणून लिहितेय. आमच्या भिंगरीने शाळेच्या प्रयोगशाळेतलं स्टूल उचलून खिडकीवर घातलं. काच फुटली, नशिबाने कुणाला लागलं नाही. महिनाभर हेच चाललंय. उलट उत्तरं, दारं आपटणं, शाळेला दांड्या. मागच्या आठवड्यात स्वतःचे केस कापून घेतले, तेही स्वयंपाकघरातल्या कात्रीने. पंधरा वर्षांची पोर, पण आरशात बघून मलाच विचारते की कुणाला काय त्रास आहे. हे तिच्याशी बोलत नाहीत आणि ती माझ्याशी बोलत नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेत येऊ नको म्हणून सांगितलंय. त्यांच्या मते मुलीच्या वर्तनातच दोष आहे, डोकं ठीक असल्याचा कागद आणा म्हणतात. वन्सं तर मुक्काम ठोकूनच बसल्यात. त्यांनी कडक शिस्तीचं एक वसतिगृह शोधलंय, वीस तारखेला पोचवायचं म्हणतात. तू अशाच मुलांच्या वॉर्डात नर्स आहेस. तुमच्या रुग्णालयाच्या कागदावर दोन ओळी लिहून दे, की हिच्या डोक्यात काही बिघाड नाही, नुसता हट्टीपणा आहे. म्हणजे शाळा तरी तिला परत घेईल. बहिणीसाठी एवढं करशील ना?

जेवणाखाण्याची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई


८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन ओळी मिळणार नाहीत. रागावलीस तरी नाही. पोरीला न बघता मी काही लिहून देणार नाही, आणि हट्टीपणा हे नाव तर बघूनही देणार नाही. स्टूल फेकणारी मुलं आमच्याकडे रोज येतात. मी त्यांना स्टुलाचं आधी विचारतच नाही. झोप लागते का, जेवण जातं का, जे पूर्वी आवडायचं ते अजून आवडतं का, हे विचारते. आणि मग सरळ विचारते, की जीव नकोसा वाटतो का, मरून जावं असं मनात येतं का.

आता तू कपाळावर हात मारून घेशील. पण हे तू भिंगरीला विचार. विचारल्याने मुलांच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. असलं तर बाहेर यायला वाट मिळते. समोर बसवून उलटतपासणी नको. शेजारी बस, दोघी मिळून चादरींच्या घड्या घाला, म्हणजे तिला तुझ्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. विचार आणि गप्प राहा. गप्प राहणं तुला जमणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी प्रयत्न कर. हो म्हणाली तर आकांत नको, माझी शपथ घे असलं काही नको. तिला क्षणभरही एकटी सोडू नकोस, घरातली औषधं कुलपात टाक आणि त्याच दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे ने.

मेट्रनबाई मला फाटक्या तोंडाची म्हणतात. बालपणापासून तूही तेच म्हणतेस, तेव्हा हे पत्र त्यातच जमा कर. पण विचार.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१२ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

असलं अभद्र लिहायला तुझा हात कसा धजला? दिवसभर आजारी मुलांत राहून तुला सगळीकडे आजारच दिसायला लागलाय. मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

आणि बघ, तू खोटी पडलीस. रविवारपासून पोर पार बदलली. यांची माफी मागितली. वन्सं म्हणतील तिथे जाईन, म्हणाली. कपाट आवरलं, इतकं की कपाट कुणाचं हेच ओळखू येईना. बॅडमिंटनची रॅकेट, जी ती उशाशी घेऊन झोपायची आणि मला पुसायलाही द्यायची नाही, ती खालच्या शिंपीणबाईंच्या मुलीला देऊन टाकली. उगाच पडून राहील, म्हणाली. घर इतकं शांत झालंय की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. हे म्हणाले, अखेर अक्कल आली. मलाही किती दिवसांनी झोप लागली.

वीस तारखेची तयारी चालू आहे. यापुढे या घरात तो विषय नको. बाकी माझा जीव आहेच तुझ्यावर.

ताई


१४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच फोन केला. तू फोन आपटलास, भावोजी उचलत नाहीत. म्हणून इथून तुमच्या गावी निघालेल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात हे देतेय. तो थेट तुझ्या दारात आणून देईल.

ताई, मला भीती वाटतेय. अशी शांतता मी पाहिली आहे. दरवेळी तिचा अर्थ वाईटच असतो असं नाही, पण भांडखोर पोर एकाएकी सगळ्याला हो म्हणायला लागली आणि जिवापाडची वस्तू वाटून टाकली, तर मी स्वस्थ बसत नाही. स्टुलाने मी एवढी घाबरले नव्हते. स्टूल फेकणारी पोर काहीतरी मागत असते. हिने मागणं सोडलंय.

मेट्रनबाईंनी रजा नाकारली. मी त्यांना सांगितलं की मी विचारत नाहीये, कळवतेय. उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्या दारात असेन. दार लावून घेतलंस तर जिन्यात बसेन, आणि कशाला बसले हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगेन. तोवर तिला नजरेआड करू नकोस आणि आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर, विचार. चादरीबिदरी राहू दे. चुकीचं विचारलंस तरी चालेल.

तुझी,
धाकटी


३ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न.

तू परत गेल्यावर पत्र लिहीन म्हटलं होतं, म्हणून लिहितेय. आणि तू आलीस तेव्हा आईने तुला अर्धवटच सांगितलं, तेही पूर्ण करते.

आईने सगळं चुकीचं केलं. तुझं पत्र उभ्याउभ्या वाचलं, गॅसवर दूध होतं, टेबलाशी आत्या बसली होती. आई तिथूनच, केवढ्या तरी मोठ्याने, मला म्हणाली की तुला मरायचंय का ते सांग. आत्या म्हणाली, वहिनी, काय हे बोलणं. आईने आत्याला, आमच्या आत्याला, गप्प बसायला सांगितलं. दूध उतू गेलं, गॅसवर पसरलं, आई तिकडे वळलीसुद्धा नाही. शेवटी गॅस आत्याने बंद केला. आपल्या आईला तू ओळखतेस. तिने दूध जाऊ दिलं ते बघूनच मला कळलं की ती खरंच विचारतेय.

मी हो म्हणाले.

मग ती ढसाढसा रडली, जे तू करू नको म्हणाली होतीस. शपथही घालायला गेली, पण मध्येच जीभ चावली. माझं मनगट मात्र जे धरलं ते तू येईपर्यंत सोडलं नाही. बाथरूमच्या दाराशीसुद्धा उभी राहून बडबडत होती. मी इथून पुढे कधीही म्हणणार नाही की आईला माझं काही पडलेलं नाही.

डॉक्टरबाई बऱ्या आहेत. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. झोप लागते. काही दिवस अजून घाणेरडे जातात, तेव्हा ठरल्याप्रमाणे सांगते. पण एक सगळ्यांना कळव. ती रविवारची गुणी मुलगी परत येणार नाही. ती कुणाला आवडली असेल तर त्यांनी दुसरी शोधावी.

तुला मी आवडते हे माहीत आहे, तरी पत्राने कळवत जा.

भिंगरी


७ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

वन्सं गेल्या. वसतिगृहाचं पुन्हा काढलं तेव्हा मी म्हणाले की तुम्ही स्वतः राहून बघा, आवडलं तर कळवा. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बॅग उचलून वन्संना गाडीवर सोडून आले. परत आल्यावर भिंगरीच्या खोलीत जाऊन बसले. काय बोलले ठाऊक नाही, बहुतेक काहीच नाही. पण बसले.

शाळेत मी गेले. मुख्याध्यापिकाबाई शिस्तीबद्दल बोलायला लागल्या. मी विचारलं, स्टूल फेकल्यावर तुमच्यापैकी कुणी तिला विचारलं का, की बाई गं, तुला काय होतंय? त्या म्हणाल्या, ते पालकांचं काम. मी म्हणाले, हो, माझंच काम होतं, आणि मला जमत नव्हतं तर तुम्ही करायचं होतं. सोमवारपासून भिंगरी शाळेत जातेय, अर्धा दिवस.

आणि काल मी खाली शिंपीणबाईंकडे गेले. रॅकेट परत हवी म्हणाले. त्या चाट पडल्या, की दिलेलं कुणी परत मागतं का. एरवी मी असं कुणी करताना पाहिलं असतं तर वर्षभर नावं ठेवली असती. दुसरी नवी आणून देईन म्हटलं, पण ही द्या. लेकीची आहे, लेकीला लागणार आहे. त्यांच्या मुलीने तोंड फुगवलं. फुगू दे.

वर आणून दिली तर भिंगरी माझ्यावरच उखडली, की लोकांकडे असं मागायला लाज नाही वाटली का. नाही वाटली, म्हटलं. आज तिने घरातच फटके मारून बैठकीतला दिवा फोडला. मी ओरडले, ती त्याहून मोठ्याने ओरडली. घड्याळ काही ऐकू येत नाहीये.

तुझं फाटकं तोंड देव असंच ठेवो. कधीही ये, न विचारता ये.

तुझी,
ताई