अकरा आडव्या पिना

४ मार्च
भाऊजींचं दुकान म्हणजे चार टेबलं, दोन पंखे आणि एक तोंड. ते तोंड बंद होत नाही! ताईच्या नवऱ्याने कॉम्प्युटर दुरुस्त करण्यापेक्षा शिकवणी काढायला हवी होती. आज प्रोसेसर. 'हा कॉम्प्युटरचा मेंदू बरं का.' मेंदू कसला डोंबलाचा! नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा, त्यावर कोट्यवधी बारीक बटणं — चालू, बंद, चालू, बंद. हा आकडा उचल, तो ठेव, बेरीज कर. सेकंदाला अब्जावधी वेळा, पण काम तेच. मी तर एका दिवसात वेडी होईन.
पंधरा दिवस बघते, नाहीतर निघते. चौथी नोकरी.

५ मार्च
मेमरीपर्यंत सारखा हेलपाटा नको म्हणून प्रोसेसरच्या आतच छोटं फडताळ असतं म्हणे — कॅश. एवढं एक पटलं. मीही चहा हाताशीच ठेवते.

७ मार्च
भरतकामवाल्या बाई आल्या. त्यांचं मशीन एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतं, तो सारखा बंद पडतो. 'प्रोसेसरवरच्या कूलरखालची पेस्ट वाळलीय, म्हणून तो तापतो,' भाऊजी म्हणाले. 'आधी दहा मिनिटं चालू ठेव, गरम होऊ दे. मग बंद करून कूलर हलकेच मुरड. मग उचल. ओढायचं नाही!' आणि गेले बाहेर. हो हो, महाराज!
दहा मिनिटं कोण बसणार? समोरच्या जिन्यावर दोघं कपाट चढवत होते. 'तुझ्या बाजूला घे!' 'माझ्या बाजूला भिंत आहे, गाढवा!' तिकडे बघता बघता थंडच कूलर ओढला. प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून वर! त्याच्या पोटाला नऊशेच्या वर पिना, त्यांतल्या अकरा आडव्या.
भाऊजी आले. 'हे काय?'
'आधीपासून असंच होतं. घरी कुणीतरी उघडलं असणार.'
पटलं त्यांना! एवढं शिकवतात आणि एवढं कळत नाही.

८ मार्च
भाऊजींनी बाईंना फोन केला. पलीकडचा आवाज मला इथवर ऐकू आला — 'ह्यांनीच! वस्तू दिसली की हात शिवशिवतात या माणसाचे!' मागून नवरा, 'अगं, मी झाकणसुद्धा—' फोन बंद.
त्यांचं ते बघतील.

१० मार्च
खटक्याच्या पेन्सिलीतलं शिसं काढायचं, रिकाम्या टोकात एकेक पिन घालून सरळ करायची. दिवसभरात सहा. मानेचा काटा ढिला.

११ मार्च
उरलेल्या पाचही झाल्या. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवला — प्रोसेसर न दाबता अलगद बसला. नवी पेस्ट, कूलर, पंखा. चालू! 'हात चांगलाय तुझा,' भाऊजी. गप्प बसा ना!
ताईला बाजारात बाई भेटल्या होत्या. तीन दिवस नवऱ्याशी अबोला. लोकांना भांडायला काहीही पुरतं.

१२ मार्च
बाई कॉम्प्युटर न्यायला आल्या. खुशीत. 'ह्यांनी काल कबूल केलं एकदाचं. म्हणाले, हो बाई, मीच उघडलं, चुकलं माझं.'
त्या रस्त्याला लागल्या. मग दुकान तसंच उघडं टाकून त्यांच्या मागे धावले.