अनूला ताप का आला नाही?

९ फेब्रुवारी १९५८, अकोला

अनूला आज देवी काढल्या! पाच महिन्यांची पोर, पण किंचाळली अशी की अर्धी जठारपेठ गोळा झाली. लस टोचणारा देवी डॉक्टर शेषराव बजावून गेला — लस वाळू द्या, पुसू नका. आठ दिवसांत फोड येईल, थोडा ताप येईल, म्हणजे धरली समजा.

उशीर केला, कबूल. पण तेल्हाऱ्याला माझ्या अशिलाची, भगवंतरावांची, दोन पोरं देवीने गेली. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

शेषरावाची तऱ्हा मला आवडली नाही. चहा नको म्हणाला. सरकारी माणूस आणि चहा नको?

१३ फेब्रुवारी

ताप नाही.

१५ फेब्रुवारी

ताप नाही. फोडही नाही! तारा खूष — 'बघा, माझ्या पोरीला काही झालं नाही.' आणि मी सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर झटकत बसलोय. लस शिळी असणार. नाहीतर त्या शेषरावाने पाणी घालून वाढवली असणार. अर्ज ठोकतो उद्याच!

१६ फेब्रुवारी

शेजारच्या कौशल्याबाईंचा नातू पाहून आलो. त्याच दिवशी, त्याच डबीतली लस. त्याचा दंड टरारून फुगलाय. म्हणजे लस चांगली. म्हणजे गडबड माझ्याच घरात!

अनूला न्हाऊ घालणाऱ्या आशाबाईला धरलं. 'गेल्या रविवारी, देवी काढल्या त्या दिवशी, दंडाला तेल लावलं?' 'नाय.' 'पाणी?' 'त्या दिवशी बाईनं न्हाऊच घालू देल्लं नाय.' 'नीट आठवा.' उखडलीच ती — 'मले काहून इचारून राहिले वकीलसाहेब? हे का कोर्ट हाय? घरच्याईले इचारा न!' आणि तरातरा निघून गेली.

घरच्यांना विचारा म्हणे. घरी आहे कोण? मी आणि तारा.

१७ फेब्रुवारी

विचारलं. तारा डाळ निवडत होती, मान वर करेना. मग एकदम — 'हो, मीच पुसली. ते गृहस्थ फाटकाबाहेर पडले आणि पदर ओला करून पुसली. मला तो ताप नको होता. हेमूला विसरलात?'

हेमूला विसरेन मी? आमचा पहिला. अमरावतीला होतो तेव्हा. लस टोचली, नवव्या दिवशी ताप, आचके, आणि संपलं. त्या वेळच्या देवी डॉक्टरवर अर्ज करून मीच त्याची बदली करवली.

ओरडलो तिच्यावर. नको नको ते बोललो. भगवंतरावांच्या पोरांचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, 'पुन्हा टोचू देणार नाही.'

२० फेब्रुवारी

शेषरावाला घेऊन आलो. लाजच वाटली मला. चिडला नाही तो. तासभर तारासमोर बसला. 'ताप येईल बाई, तो मी थांबवू नाय शकत. पन चढू देऊ नका. पोरीले गुंडाळू नका. पातळ झबलं घाला, खिडकी उघडी ठेवा, अंगावर पाजत राहा. तापलीच तर कोमट पान्याच्या फडक्यानं पुसा अन् मले बोलवा. लोक दोन-दोन दुलया टाकतात, तेनं ताप आनखी चढते.'

तारा ऐकत होती. मला तिथे बसवेना. ओसरीवर जाऊन उभा राहिलो.

टोचलं एकदाचं. तारानेच धरलं अनूला.

२३ फेब्रुवारी

आशाबाईच्या घरी जाऊन माफी मागितली. 'जाऊ द्या,' म्हणाली. पण अजून गुर्मीत आहे!

२८ फेब्रुवारी

फोड धरला! दुपारी ताप एकशे एक. तारा फडकं भिजवून अंग पुसत बसली, मध्ये मध्ये पाजत राहिली. मी नुसता पाण्याचं भांडं बदलत होतो. दिवेलागणीला उतरला.

१ मार्च

अनू हसते आहे. हेमूच्या अंगावर दुलया मी घातल्या होत्या. खिडक्याही मीच लावून घेतल्या. अमरावतीच्या त्या अर्जात यातलं काही लिहिलं नाही. तारा तेव्हा म्हणत होती, 'काढा हो, पोर भाजतंय!' मी तिचा हात झटकला. पाच वर्षांत तिने हे एकदाही बोलून दाखवलं नाही.