जिची गादी तिने न्यायची

६ फेब्रुवारी

गाडीचा रंग अजून ओला आहे आणि परवा शर्यत! नवरा सकाळपासून गाडीखाली. नुसते पाय दिसतात. जेवायला ये, असं मी पायांनाच सांगून आले.

मालिका नवीकोरी, पहिलंच वर्ष. वर्षभरात चार शर्यती. एका गाडीला दोन चालक लागतात – अर्धा वेळ एकाने चालवायची, मग गाडी आत आणायची, अदलाबदल, उरलेला वेळ दुसऱ्याने. आमच्या गाडीत आधी वन्सं, नंतर मी. समोर 'ताई' म्हणते, पण इथे कोण बघतंय. नवऱ्याची थोरली बहीण. त्याला गाडी शिकवली तीही त्यांनीच, आणि खरं सांगायचं तर मलासुद्धा.

पंचाईत अशी की वन्सं बुटक्या आणि मी ताडमाड. त्यांच्यासाठी सीटमध्ये फोमची जाडजूड गादी ठोकून बसवावी लागते, नाहीतर ब्रेकला पाय पोचत नाही. तीच गादी ठेवून मी बसले तर डोकं छताला टेकतं. म्हणून वन्संनी नियम केलाय – जिची गादी तिने न्यायची. उतरता उतरता दोन्ही हातांनी हिसडा मारून गादी ओढायची, गाडी थांबते तिथल्या बुटक्या भिंतीपलीकडे फेकायची, मगच दुसरीने आत शिरायचं. आज दुपारभर तेवढंच केलं.

"पुन्हा."

"ताई, चहा तरी–"

"पुन्हा."

८ फेब्रुवारी

झाली एकदाची पहिली शर्यत. आयोजकांची तारांबळ बघण्यासारखी होती. वेळ दाखवणारा फलक मध्येच बंद पडला. आधी सांगितलं आम्ही सातव्या, मग नवव्या, आणि सगळे घरी जायला निघाल्यावर कळलं की चौथ्या! प्रेक्षक म्हणजे बहुतेक चालकांचे नातेवाईक. कुणाच्या तरी आईने मला विचारलं, "हा आवाज कधी थांबतो गं?"

गळ्यात दोन स्टॉपवॉच अडकवलेला एक माणूस भिंतीपाशी दिवसभर उभा होता. मी त्याचं नाव घड्याळवाले ठेवलं. गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस आहे म्हणे. पुढच्या वर्षी ती कंपनी स्वतःचा संघ उतरवणार, आणि इथून एक चालक नेणार. एकच.

नवरा चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "तुमच्या दोघींवर डोळा आहे त्याचा. एकीचं नक्की होणार बघ."

त्याचं काय जातंय बोलायला. मी बिस्कीट परत पुड्यात ठेवलं.

९ फेब्रुवारी

मला ती जागा हवीय. लिहून टाकलं, बरं वाटलं.

२२ मार्च

दुसरी शर्यत. पाचव्या आलो. घड्याळवाले वन्संशी बराच वेळ बोलत होते. माझ्याशी? "छान, छान." एवढंच. दोनदा.

घरी आल्यावर भांडी आपटली. नवरा म्हणाला, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. शांत हो." कसली शांत होतेय! वन्संना हवी असेल का ती जागा? विचारायची सोय नाही. त्यांना विचारलं की त्या टायरच्या हवेबद्दल बोलायला लागतात.

३ मे

तिसऱ्या आलो! तिसऱ्या! गादी अशी उडाली की पलीकडे उभ्या असलेल्या पंचाच्या पोटात बसली. वन्सं त्यांची माफी मागायला गेल्या आणि हसत परत आल्या. आज त्या मला आवडल्या.

आता प्रेक्षकही येतात, अनोळखी, तिकीट काढून. एका शाळकरी मुलीने माझी सही घेतली. मग वन्संची घेतली आणि त्यांच्याकडे जास्त वेळ थांबली. हे मी का मोजतेय?

१० जून

शेवटच्या शर्यतीआधीचा सराव. वन्संची गाडी वळणावर घसरून टायरांच्या ढिगाऱ्यावर गेली. स्टिअरिंगने जोरात उलटा झटका दिला असणार. नवरा धावला. गाडीला फारसं काही नाही, पुढचा एक पत्रा चेपला.

"ताई, लागलं कुठे?"

"नाही गं. तू तुझं बघ."

बघते. माझंच बघते.

१५ जून

वन्संचे नखरे वाढलेत. मला त्यांची वेणी घालायला लावली. हेल्मेटचा पट्टा मी बांधायचा, अंगावरच्या पोशाखाची चेनसुद्धा मीच ओढायची. चहाचा कप तेवढा स्वतः धरतात, तोही डाव्या हाताने, ऐटीत. मी नवऱ्याला म्हटलं, राणीसरकारांना आता पंखा घालायचा राहिलाय. त्याला हसू आलं नाही.

आणि गादीचा सराव नाही म्हणाल्या! "पाठ झालंय आता." ज्या बाईने मला चहा पिऊ दिला नाही, तिला सराव नको? काहीतरी शिजतंय.

२० जून

मान आखडलीय. लिहिते तरीही.

वन्संनी गाडी दुसऱ्या नंबरवर आणून दिली. आत आल्या. पट्टे सोडले, उतरल्या. मी गादीची वाट बघत उभी. त्या आत वाकल्या, क्षणभर तशाच राहिल्या, आणि बाजूला झाल्या. गादी सीटमध्येच! मी उपटायला वाकले तर नवरा ओरडला, "बस, बस, वेळ गेला!" आणि मला आत कोंबलं.

उरलेली शर्यत मान मोडून चालवली. हेल्मेट छताला घासत होतं, गुडघे स्टिअरिंगला लागत होते. समोरचा रस्ता दिसायचा तो भुवयांखालून. पाचव्या आलो. तरी पाचव्या कशा आलो, हेच मला कळत नाही.

उतरले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. वन्सं भिंतीपाशी उभ्या, हातमोजेसुद्धा काढलेले नाहीत.

"गादी?"

"राहिली."

"राहिली म्हणजे?"

"राहिली गं."

तेवढ्यात घड्याळवाले आले. काय झालं, म्हणाले. मी म्हटलं, "नियम यांचाच आहे. आजवर एकदाही विसरल्या नाहीत. आज तुम्ही बघत होतात म्हणून मुद्दाम ठेवली."

वन्सं दोन पावलांवर होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, चोर सापडला की गप्पच बसतो.

२१ जून

मान वळत नाही. नवरा माझ्याशी बोलत नाही. मी वन्संशी बोलत नाही. गाडी तेवढी मस्त झोपलीय.

२३ जून

फोन आला. मी! मला निवडलं!

घड्याळवाले म्हणाले, "मान वाकडी करून चालवलीत, ते आम्ही पाहिलं. दोघींमध्ये निवड अवघड होती. पण जोडीदाराला दगा देणारा चालक आम्हाला चालत नाही."

मी 'धन्यवाद' म्हटलं. त्या शेवटच्या वाक्यालासुद्धा धन्यवाद म्हटलं.

संध्याकाळी वन्संना सांगायला गेले. सांगायलाच हवं होतं, आणि खरं म्हणजे त्यांचा चेहराही बघायचा होता. त्या हसल्या. म्हणाल्या, "कानामागून आली आणि तिखट झाली." मला जवळ घेतलं, पण एकाच हाताने. अर्धवट. दुसरा हात ओढणीखाली. मनातून नाही घेतलं, हे कळतं माणसाला.

एवढं हवं होतं ते मिळालं, आणि मी घरभर येरझाऱ्या घालतेय. कपाट आवरलं. परत उपसलं.

२४ जून

हाताची सूज बघून नवऱ्याने ताईंना जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. मनगटातलं हाड मोडलंय, सरावाच्या दिवशीच. मूठ वळतच नव्हती, शर्यतही डाव्या हाताच्या जोरावर काढली. गादी ओढणार कशी?

"सांगितलं का नाहीत?"

"एका चालकाची गाडी शर्यतीत घेत नाहीत. मग तुला कोणी पाहिलं असतं?"

घड्याळवाल्यांना फोन केला. मी खोटं बोलले, ताईंनी मुद्दाम केलेलं नव्हतं, तुमची निवड पुन्हा करा, असं सांगितलं. मग म्हणाले, प्लास्टर निघू दे, दोघींना बोलावतो. कदाचित एकीलाही घेणार नाही.

दुपारी ताईंच्या गादीला रुंद पट्टा शिवला, एका बोटात अडकवून ओढता येईल असा. गादी त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. त्यांनी पट्टा डाव्या हाताने ओढून बघितला.

"टाके वाकडे आलेत. पुन्हा."